सबवूफर मुका होतो तेव्हा

गेल्या वर्षी माझी बदली लखनौला झाली आणि कानपूर रस्त्यावरील सरोजिनी नगर येथे आम्ही घर भाड्याने घेतले. अमौसीचा विमानतळ येथून हाकेच्या अंतरावर आहे. एकेकाळी ‘विजय सुपर’ स्कूटर याच परिसरात तयार होत असे. सामानसुमान लागल्यावर साताऱ्याहून आई-बाबा राहावयास आले. बाबांनी उमेदीच्या काळात भजनी मंडळात तबला वाजवला आहे. लखनौ म्हणजे त्यांच्या दृष्टीने तीर्थक्षेत्रच. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली सुरू झालेले संगीत महाविद्यालय याच शहरात आहे. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथ केलेले उस्ताद अहमदजान थिरकवाँ यांनी त्याच संस्थेत अध्यापन केले आणि १९७६ साली त्यांचे निधनही लखनौतच झाले. कैसरबागेतील ती वास्तू पाहून आलेल्या दिवशी संध्याकाळी बाबांनी एकल तबलावादनाची सीडी लावावयास सांगितली. पाच मिनिटे ऐकून ते म्हणाले, “अरे, तबला ऐकू येतोय, पण डग्गा कुठे गेला?”

मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “बाबा, वयाप्रमाणे ऐकू थोडे कमी येतेच. उद्या तपासणीला जाऊ.” ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने घरावरून विमान गेले, खिडकीची तावदाने थरथरली, तेव्हा मात्र शांतपणे म्हणाले, “विमान ऐकू येते मला.”

हे उत्तर शास्त्रदृष्ट्या अचूक होते, हे मला नंतर समजले. वाढत्या वयात श्रवणशक्ती क्षीण होऊ लागते ती सामान्यतः वरच्या, म्हणजे बारीक स्वरांपासून. घड्याळाचा गजर, पक्ष्यांचा किलबिलाट, ‘स’ आणि ‘श’ यांतील फरक प्रथम हरवतो. खर्जातील आवाज बहुधा शेवटपर्यंत साथ देतात. ज्याला चाट ऐकू येते आणि डग्ग्याचा घुमारा ऐकू येत नाही, त्याच्या कानांऐवजी संचाकडे पाहावयास हवे होते. पाहिले तेव्हा लक्षात आले की, कोपऱ्यातील सबवूफर पूर्ण मौन धारण करून बसला होता.

सबवूफर म्हणजे केवळ खर्जाचे आवाज काढणारा मोठा स्पीकर. मनुष्याचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. त्यांपैकी शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या खालचा भाग लहान स्पीकरना पेलत नाही. तो भाग सबवूफरकडे सोपविला जातो व त्यासाठी बहुतेक सबवूफरच्या पेटीतच स्वतंत्र अॅम्प्लिफायर असतो. म्हणूनच त्याला विजेची वेगळी जोडणी लागते.

शेजाऱ्यांच्या ओळखीने एक मेकॅनिक आला. त्याने सीडी लावून पाहिली, पेटीवर दोन थापा मारल्या आणि आतील अॅम्प्लिफायरची प्लेट जळाली आहे, तीन हजार रुपये लागतील, असे निदान केले. पेटी तो उघडणारच होता. मी त्याच्याकडे एका दिवसाची मुदत मागितली. तो नाखुशीने गेला.

मुदत मागण्यामागे व्यवसायातील सवय होती. संगणक येण्यापूर्वी खातेवह्या हाताने जुळविताना रात्री कशा उजाडत, हे आमचे ज्येष्ठ सहकारी अजूनही सांगतात. ताळमेळ जमला नाही तर कोणी सगळी वही पहिल्या पानापासून तपासत नसे. फरकाला नऊने भाग जातो का, ते आधी पाहावयाचे. जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावयाचा. नाहीतर फरकाच्या निम्मी रक्कम शोधावयाची, कारण ती नावेऐवजी जमेस पडलेली असू शकते. हीच रीत येथे चालेल असे वाटले.

प्रथम वीज. सबवूफरवरील दिवा लागला आहे का, मागील बटण चालू आहे का, प्लग सैल तर नाही ना, हे पाहिले. पुष्कळ सबवूफरमध्ये ‘ऑटो’ अशी सोय असते. ध्वनिसंकेत आला की यंत्र जागे होते, न आल्यास पुन्हा झोपते. रात्री फार हळू आवाजात संच लावला तर संकेत इतका क्षीण असतो की ते जागेच होत नाही. अशा वेळी बटण ‘ऑन’वर ठेवून पाहावे. दिवा मुळीच लागत नसेल तर प्लग काढून फ्यूज तपासावा व तेवढ्याच क्षमतेचा नवा बसवावा. तोही उडाला, अथवा जळका वास आला, तर पुढे हात न घालता मेकॅनिकला बोलवावे. आमचा दिवा व्यवस्थित लागत होता.

त्यानंतरची चाचणी सर्वांत उपयुक्त आहे. सबवूफर रिसीव्हरपासून सोडवावयाचा, त्याचा आवाज अगदी कमी करावयाचा आणि डीव्हीडी प्लेअरच्या ध्वनीची वायर थेट त्याच्या मागील खाचेत जोडावयाची. मग आवाज हळूहळू वाढवावयाचा. आवाज आला तर पेटीतील अॅम्प्लिफायर व स्पीकर दोन्ही ठणठणीत आहेत आणि दोष वायरमध्ये किंवा रिसीव्हरमध्ये आहे. न आल्यास दोष पेटीत. एका कृतीने निम्मा प्रदेश बाद होतो. आम्ही जोडताच डग्गा घुमला आणि तीन हजारांची प्लेट जिवंत असल्याचे सिद्ध झाले.

वायर बदलून पाहणे सोपे होते. जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर मिळालेली पिवळ्या टोकांची चित्राची वायर या कामी बिनधास्त चालते. वायर रिसीव्हरच्या ‘सबवूफर’ लिहिलेल्या खाचेतच आहे, शेजारच्या दुसऱ्या खाचेत नाही, याचीही खात्री करावी. घर बदलताना ही चूक हमखास होते. आमच्याकडे झालेली नव्हती.

आता उरला रिसीव्हर. त्याच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरमधून एकेक चाचणी-ध्वनी काढण्याची सोय असते. ती चालविली आणि आश्चर्य म्हणजे सबवूफर स्पष्टपणे घोंघावला! पाच वाहिन्यांच्या ध्वनीचा चित्रपट लावला, तेव्हाही तो बोलला. तबल्याची सीडी लावली की पुन्हा मौन.

खरी मेख येथे होती. ज्याला आपण ५.१ ध्वनी म्हणतो, त्यातील ‘.१’ ही खर्जासाठी राखून ठेवलेली स्वतंत्र वाहिनी असते. १२० हर्ट्झपर्यंतचे स्फोट, गडगडाट तीत मुद्रित केलेले असतात व ती सरळ सबवूफरकडे जाते. संगीताच्या सीडीवर मात्र डावी आणि उजवी अशा दोनच वाहिन्या असतात. त्यांतील खर्ज वेगळा काढून सबवूफरकडे पाठवावयाचा की नाही, हे रिसीव्हर ठरवितो आणि तेही आपण सांगू त्याप्रमाणे. सेटिंगमध्ये समोरच्या स्पीकरपुढे ‘लार्ज’ असे नोंदले असेल तर रिसीव्हर समजतो की हे मोठे, समर्थ स्पीकर आहेत, खर्ज त्यांनाच देऊ. ‘स्मॉल’ नोंदले असेल तर ठरावीक मर्यादेखालचा भाग सबवूफरकडे वळविला जातो.

नव्या घरात मी रिसीव्हरसोबतचा मायक्रोफोन लावून स्वयंचलित मोजणी केली होती. आमचे वीतभर उंचीचे स्पीकर भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेले आहेत. भिंत जवळ असली की खर्ज फुगतो आणि बहुधा त्यामुळेच यंत्राने त्यांची नोंद ‘लार्ज’ अशी केली. चुकीच्या खात्यात जमा झालेल्या रकमेसारखाच हा प्रकार! सर्व खर्ज त्या बापड्यांकडे जात होता, ते तो काढू शकत नव्हते आणि ज्याला काढता येतो तो रिकामा बसला होता. मी नोंद ‘स्मॉल’ केली, मर्यादा ८० हर्ट्झवर ठेवली आणि सबवूफरच्या मागील तशाच प्रकारची मर्यादेची कळ शेवटच्या टोकाला नेली, म्हणजे एकच गाळणी दोनदा लागू नये. येथेच आणखी एक सूचना करावीशी वाटते. रिसीव्हरवर ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ असे बटण असते. ते चालू असेल तर बहुतेक यंत्रे ही विभागणी करतच नाहीत आणि सबवूफर गप्प राहतो. नाव भारदस्त असल्याने ते पुष्कळांकडून दाबले जाते.

डग्गा आला. पण बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आला, पण लांबून.” मी उभा होतो तेथे तो चांगला घुमत होता. खुर्चीत बसून पाहिले तर खरोखरच मंद. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यामुळे ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४.३ मीटर, म्हणजे चौदा फूट भरते. आमची बैठकीची खोली लांबीला चौदाच फूट आहे. अशा खोलीत त्या स्वराची जाणारी आणि भिंतीवरून परतणारी लहर एकमेकींत मिसळून ठरावीक जागी एकमेकींना पुसून टाकतात. दोन्ही टोकांच्या भिंतींपासून साडेतीन-साडेतीन फुटांवर तो स्वर जवळजवळ नाहीसा होतो, भिंतीलगत मात्र भरून राहतो. ४० हर्ट्झच्या स्वराच्या बाबतीत हीच पोकळी खोलीच्या बरोबर मध्यभागी पडते. टेपने मोजले. बाबांच्या खुर्चीची पाठ मागील भिंतीपासून साडेतीन फुटांवर होती.

ज्यांना बैठक हलविणे शक्य नसेल त्यांनी उलट प्रयोग करावा. सबवूफर बसण्याच्या जागी ठेवून खर्जाची एखादी ध्वनिफीत लावावी आणि स्वतः भिंतीकडेने वाकून फिरावे. जेथे आवाज एकसारखा व भरीव लागेल, तेथे नंतर सबवूफर ठेवावा. शेजाऱ्यांनी पाहिले तर थोडे विचित्र दिसते, एवढाच तोटा. फेजची ० आणि १८० अशी कळ असेल तर तीही दोन्हीकडे फिरवून, बसल्या जागी जास्त भरलेला आवाज कोठे लागतो ते पाहावे.

आम्ही खुर्ची दीड फूट मागे सरकविली. मेकॅनिकला दूरध्वनी करून येण्याचे कष्ट वाचविले व आदल्या दिवशीच्या फेरीचे दोनशे रुपये पोहोचते केले. श्रवणतपासणीची वेळ मी घेऊन ठेवली होती, तीही रद्द केली. बाबांनी सीडी पहिल्यापासून लावावयास सांगितली. मधेच विमान गेले तेव्हा त्यांनी डाव्या हाताचा तळवा खुर्चीच्या हातावर टेकवून ठेवला होता. विमान दूर गेल्यावर ते म्हणाले, “हा बघ, घिस्सा. आता आला.”