आडव्या रेषा जास्त हव्यात

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी असा एक उन्हाळा येतो, की भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात. व्हिजिटर व्हिसावर फार तर सहा महिने. पहिला महिना थंडीची तक्रार आणि नातवंडांचे लाड यात जातो. दुसऱ्या महिन्यात लंडन बघून होतं. मग रात्रीच्या जेवणाला तो प्रश्न येतोच, "यांना कुठे घेऊन जायचं?"

सल्ल्यांना तोटा नसतो. पुण्याची मावसबहीण म्हणते, पॅरिस आणि स्वित्झर्लंड करून टाका. न्यू जर्सीचा दीर म्हणतो, गाडी घ्या आणि सुटा. "करून टाका" हा शब्दच मला खटकतो. प्रवास काही थकलेला हप्ता नाही. शिवाय भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना युरोपसाठी वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. त्याच्या तारखा, कागदपत्रं आणि फेऱ्या मोजल्यावर आम्ही ठरवलं, की यंदा याच बेटावर राहायचं. लंडनहून यॉर्क, एडिंबरा, इन्व्हरनेस, तिथून स्काय बेट आणि फोर्ट विल्यम. लांबचा पल्ला आगगाडीने, डोंगरातला भाग मोटारीने. माणसं पाच: आई, बाबा, नवरा, मी आणि नऊ वर्षांची लेक.

यात एकच अडचण होती. बाबा यायला तयार नव्हते.

"तुम्ही तिघं जाऊन या. आम्ही घर सांभाळतो," असं ते रोज म्हणायचे. खर्च, गुडघे, थंडी, दर वेळी कारण नवं. शेवटी आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "अगं, त्यांना दर दीड तासाला बाथरूमला जावं लागतं. मागे नाशिकला जाताना रस्त्यात पंचाईत झाली होती. तेव्हापासून ते लांबच्या गाडीत बसतच नाहीत." बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. पुढच्या वेळी ते एवढा विमानप्रवास करू शकतील की नाही, कुणी सांगावं? हे इथे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. आणखी कुणाचा तरी खोळंबा टळेल."

तेव्हा आमच्या नियोजनाची सुरुवात नकाशापासून नाही, शौचालयापासून झाली. आणि तिथूनच सगळं सोपं होत गेलं.

बाबांचा चार्ट

बाबा मध्य रेल्वेत भुसावळला सेक्शन कंट्रोलर होते. कंट्रोलरच्या टेबलावर एक मोठा चार्ट असतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं. धावणारी गाडी म्हणजे तिरकी रेघ, थांबलेली गाडी म्हणजे आडवी रेघ. दोन रेघा कुठे छेदतात त्यावरून कुणाला बाजूला घ्यायचं ते ठरतं. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या अशा काढल्या.

नवऱ्याने पहिला आराखडा मुद्दाम भरगच्च काढला होता. आधी सगळं लिहू, मग गाळू, असा त्याचा हिशेब. नऊ रात्री, सात मुक्काम. तो कागद त्याने बाबांपुढे ठेवला आणि म्हणाला, "बाबा, हे जरा तुमच्या पद्धतीने काढून बघता का?" बाबांनी लेकीची पट्टी आणि पेन्सिल मागून घेतली. तासाभराने चार्ट तयार झाला. सगळा तिरक्या रेघांनी भरलेला.

"ही सहल नाही, मालगाडी आहे," बाबा म्हणाले. "आडव्या रेषा जास्त हव्यात."

एवढ्या एका वाक्यावर आमची सहल उभी राहिली. जिथे पोचायला अर्धा दिवस लागतो तिथे दोन रात्री तरी राहायचं. ग्लासगो, न्यूकासल आणि लॉक लोमंड गाळलं. प्रत्येकाने आपली एकच इच्छा सांगायची, ती मात्र गाळायची नाही. बाबांना यॉर्कचं रेल्वे संग्रहालय आणि फोर्थचा पूल, लेकीला हॅरी पॉटरच्या सिनेमातला ग्लेनफिनन, नवऱ्याला स्काय, मला एडिंबरा. आई म्हणाली, "मला कुठेतरी पाण्याकाठी अर्धा दिवस नुसतं बसायचंय. कुणी उठवायचं नाही." तेही चार्टवर आलं.

खुंट्या आधी, दोरी नंतर

दुसरी गोष्ट बाबांनी शिकवली ती अशी, की ज्या गोष्टी हलत नाहीत त्या आधी मांडाव्यात. आमची पहिली खुंटी होती परतीची रात्रीची गाडी. इन्व्हरनेसहून लंडन यूस्टनला येणारी कॅलेडोनियन स्लीपर शनिवारी रात्री नसते. बुधवारी निघालो असतो तर परतीची रात्र नेमकी शनिवारीच येत होती. म्हणून शुक्रवारी निघायचं ठरलं, म्हणजे परतीची रात्र सोमवारी आली. दुसरी खुंटी एडिंबराची. ऑगस्टमध्ये तिथे महोत्सव भरतो आणि हॉटेलांचे भाव आकाशाला भिडतात, म्हणून जुलैअखेर, शाळा सुटताच निघालो.

यॉर्कला दोन रात्री, एडिंबराला तीन, इन्व्हरनेसला एक, स्कायवर पोर्ट्री गावात दोन, फोर्ट विल्यमला दोन आणि गाडीत एक. एकूण अकरा.

तिकिटांचं थोडं सांगते. स्वस्त अ‍ॅडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी निघतात, पण ती त्याच गाडीला लागू असतात. चुकली की गेली. म्हणून सकाळी घाईने निघावं लागेल अशी गाडी घेतलीच नाही. बरोबर पाच ते पंधरा वयाचं मूल असेल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्यावं. २०२५ मध्ये ते पस्तीस पौंडांना होतं. एका कार्डावर चार मोठी माणसं आणि चार मुलं जातात. मोठ्यांना एक तृतीयांश सवलत, मुलांना साठ टक्के. ती मोठी माणसं परदेशातून आलेली असली तरी चालतात. मूल मात्र प्रवासात बरोबर हवं. शिवाय पॅसेंजर असिस्ट ही सोय फुकट आहे. प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत सांगितलं की चढायला-उतरायला, सामानाला माणूस मदतीला येतो. बाबांना आधी ते कमीपणाचं वाटलं. एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनवर त्या मदतनीसाशी त्यांच्या सिग्नलच्या गप्पा सुरू झाल्या, तेव्हा आम्हीच सामान उचलून पुढे गेलो.

आगगाडी कशासाठी, मोटार कशासाठी

ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांना माझं पहिलं सांगणं हेच: लांबचा पल्ला आगगाडीने करा. गाडीतच शौचालय असतं, हा बाबांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा मुद्दा होता. डब्यात उठून चालता येतं, आणि दशम्या-शेंगदाण्याची चटणी उघडली तरी कुणी काही म्हणत नाही.

यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला प्रवेश फुकट आहे. तिथे मॅलार्ड हे निळं वाफेचं इंजिन आहे. ३ जुलै १९३८ रोजी त्याने ताशी १२६ मैलांचा वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. बाबा त्याच्यापुढे बराच वेळ उभे होते. मग नातीला म्हणाले, "आपली पहिली गाडी १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. एकवीस मैल." यॉर्कहून उत्तरेला निघाल्यावर डार्लिंग्टन लागतं. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे २७ सप्टेंबर १८२५ ला सुरू झाली, तिला २०२५ मध्ये दोनशे वर्षं झाली. म्हणजे ती सुरू झाल्यावर अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वे आपल्याकडे पोचली होती. हा हिशेब लेकीने बोटांवर केला.

या मार्गावर उत्तरेकडे जाताना उजवीकडच्या खिडक्या घ्याव्यात. डरहॅमचं कॅथीड्रल त्याच बाजूला दिसतं, आणि न्यूकासलनंतर बेरिकपर्यंत समुद्र अधूनमधून सोबत करतो.

मोटार आम्ही एडिंबराहून घेतली नाही, इन्व्हरनेसहून घेतली. त्याची कारणं दोन. एक, एडिंबरा ते इन्व्हरनेस साडेतीन तासांचा प्रवास गाडीने केला तर फोर्थच्या १८९० सालच्या पोलादी पुलावरून जाता येतं. मोटारीने गेलात तर तो शेजारच्या पुलावरून दुरून दिसतो. काही गाड्या मात्र स्टर्लिंगमार्गे जातात, तेव्हा तिकीट काढताना मार्ग पाहा. दुसरं, मोटार जिथून घेतली तिथेच परत दिली की दुसऱ्या गावी सोडण्याचा जादा आकार लागत नाही. इन्व्हरनेस, स्काय, फोर्ट विल्यम आणि परत इन्व्हरनेस असं गोल फिरता येतं.

मोटार ठरवताना पाच गोष्टी विचारा. गिअर ऑटोमॅटिक हवा असेल तर तसं आधी सांगावं लागतं. पाच माणसं आणि पाच बॅगा साध्या पाच आसनी गाडीत मावत नाहीत, म्हणून आम्ही सात आसनी घेतली आणि मागची दोन आसनं पाडली. मूल बारा वर्षांपेक्षा लहान आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा बुटकं असेल तर त्याला वेगळं आसन सक्तीचं आहे. अनामत रकमेसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. आणि अपघात झाल्यास आपल्या खिशातून किती जाईल, तो आकडा सही करण्याआधी वाचा. भारतातून आलेल्या भावंडांपैकी कुणी चालवणार असेल, तर भारतीय परवाना इथे बारा महिने चालतो. पण मोटार देणाऱ्यांचे स्वतःचे नियम असतात, ते आधी विचारावेत.

डोंगरातला वेळ

इन्व्हरनेस ते पोर्ट्री सुमारे एकशे पंधरा मैल. फोन सांगतो पावणेतीन तास. बाबांनी चार्टवर सहा तास मांडले. लॉक नेसच्या काठी अर्कहार्ट किल्ला, पुढे आयलीन डोनन किल्ला, मध्ये एक चहा. प्रत्येक थांब्याच्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने छोटा गोल काढला होता. गोल म्हणजे शौचालय. त्या गोलांमुळे ते पुढच्या आसनावर निवांत बसले, बाहेर बघत बसले. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना मोटारीत असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

स्कायच्या आतल्या भागात बरेच रस्ते एकेरी रुंदीचे आहेत. समोरून गाडी आली की 'पासिंग प्लेस' लिहिलेल्या जागी थांबायचं. ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला उभं राहायचं. मागच्याला घाई असेल तर त्यालाही वाट द्यायची, आणि जाताना हात वर करायचा. आईला हे फार आवडलं. "आपल्या घाटात असा हात केला असता तर निम्मी भांडणं मिटली असती," म्हणाली. पेट्रोल मात्र मोठ्या गावातच भरून घ्या, पुढचा पंप जवळ असेलच असं नाही.

स्काय आणि फोर्ट विल्यमला आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. जुन्या गेस्टहाउसांत बहुधा लिफ्ट नसते, म्हणून तळमजल्याची खोली आहे का, हे फोन करून विचारलं होतं. संध्याकाळी मुगाची खिचडी, मेतकूट आणि साडेनऊ-दहापर्यंत न मावळणारा उजेड. पोर्ट्रीच्या बंदरावर आईने तिचा अर्धा दिवस वसूल केला. आम्ही कुणी उठवलं नाही.

ग्लेनफिननचा एकवीस कमानींचा पूल पाहायला वाफेच्या गाडीचं महागडं तिकीट घ्यावंच लागतं असं नाही. फोर्ट विल्यमहून मॅलेगला जाणारी साधी गाडी त्याच पुलावरून जाते, तिकीटही कितीतरी कमी. रविवारी फेऱ्या कमी असतात, एवढं आधी बघा.

परतीच्या स्लीपरमध्ये एका खोलीत दोनच बर्थ असतात. तीन खोल्या आम्हाला परवडत नव्हत्या. एका खोलीत बाबा खाली आणि नवरा वर, आतच शौचालय असलेला वर्ग. दुसऱ्या खोलीत आई खाली, लेक वर. मी बसायच्या डब्यात. मधल्या एका प्रवासात गाडीला पाऊण तास उशीर झाला होता, पण चार्टमध्ये बाबांनी एक तासाचं मार्जिन ठेवलेलंच होतं. नुकसानभरपाईचा अर्जही त्यांनीच नातीकडून फोनवर भरून घेतला.

आई-बाबा परत गेले. चार्ट आमच्याकडे आहे. मंडळात ज्यांना हवा असेल त्यांना त्याचा फोटो पाठवीन. गावं तुमची घाला, गोलही तुमच्या माणसांच्या गरजेप्रमाणे काढा. कुणाला बाथरूमचा लागेल, कुणाला औषधाचा, कुणाला झोपणाऱ्या बाळाचा. आणि घरात कुणी "तुम्ही जा, आम्ही घर सांभाळतो" म्हणत असेल, तर तिकिटं काढण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसून खरं कारण विचारा.