सशांचे बेट

१८६५ साली न्यूयॉर्कमध्ये सतरा वर्षांचा एडवर्ड ट्रुडो थोरल्या भावाच्या उशाशी बसून होता. भावाला क्षय झालेला. खोकला बळावेल म्हणून खिडक्या अजिबात उघडायच्या नाहीत, अशी डॉक्टरांची ताकीद. त्या कोंदट खोलीत एडवर्ड रात्री भावाजवळच झोपे. डिसेंबरात भाऊ गेला.

आठ वर्षांनी, नुकत्याच डॉक्टर झालेल्या ट्रुडोच्या डाव्या फुफ्फुसात तोच रोग निघाला. मरायचेच तर आवडत्या रानात मरू, म्हणून तो ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात गेला. तिथे वाटाड्याने त्याला उचलून जिना चढवला, इतका तो खंगला होता. पण रानात तो सावरला. १८७६ मध्ये सॅरनॅक लेक या खेड्यात त्याने बिऱ्हाड केले.

हवापालटाने बरा झालेला माणूस आयुष्यभर हवापालटाचे गुण गात बसतो. ट्रुडोने मात्र त्या हवेचीच परीक्षा घेतली, आणि मला तो मोठा वाटतो तो यासाठी. जर्मन शास्त्रज्ञ कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला. ट्रुडोला जर्मन येत नव्हते; फिलाडेल्फियाच्या एका प्रकाशक मित्राने कॉखच्या निबंधाचे हाताने लिहिलेले भाषांतर त्याला नाताळची भेट म्हणून दिले. ते वाचून तो जंतू रंगवायला शिकला आणि राहत्या घरीच, रॉकेलच्या दिव्याच्या उबेवर, ते वाढवू लागला.

मग १८८६ मध्ये त्याने पंधरा ससे घेतले. पाचांना जंतू टोचून अंधाऱ्या, कोंदट जागी कोंडले. पाचांना काहीही न टोचता दमट खड्ड्यात अर्धपोटी ठेवले. उरलेल्या पाचांना जंतू टोचले आणि एका लहानशा बेटावर भरपूर चारा देऊन मोकळे सोडले. पहिल्या पाचांतले चार मेले. खड्ड्यातले हडकले, पण त्यांच्यात क्षयाचा मागमूस नव्हता. बेटावरचा एक मेला, चार तगले. म्हणजे नुसत्या हलाखीने क्षय होत नाही. मात्र जंतू शिरल्यावर हलाखी जिवावर बेतते. ससे मोजकेच होते, तरी प्रश्न किती नेमका विचारला होता!

त्याआधीच, १८८५ मध्ये, त्याने क्षयरोग्यांसाठी काढलेल्या आरोग्यधामातली पहिली खोपी उभी राहिली होती. तिचे नाव ‘लिटल रेड’. खोली एकच, आणि पडवी एवढीशी की एका वेळी जेमतेम एकच रोगी बाहेर बसू शके. पहिल्या दोन रोगी म्हणजे कारखान्यात राबणाऱ्या सख्ख्या बहिणी. त्या वर्षी आपली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यक शिकत होती. १८८६ मध्ये पदवी घेऊन ती परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेली, बावीसही पुरी झाली नव्हती. तिच्या अस्थी पोकीप्सीला, ट्रुडोच्याच न्यूयॉर्क राज्यात, विसावल्या आहेत.

१८९३ मध्ये ट्रुडोची मुलगी शार्लट क्षयानेच गेली. त्याच वर्षी घर आणि प्रयोगशाळा जळाली. पुढच्याच वर्षी नवी प्रयोगशाळा उभी राहिली, दगडी. १९१५ मध्ये तो वारला, तोवर बेचाळीस वर्षे त्याने हा रोग अंगावर वागवला होता.

स्ट्रेप्टोमायसिन आले आणि १९५४ मध्ये त्याचे आरोग्यधाम बंद झाले. मग मद्रासमध्ये क्षयरोग्यांचे दोन गट केले गेले. दोन्ही गटांना औषधे सारखीच, पण एक गट आरोग्यधामात आणि दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या, गरीब घरांत. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले: घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते.