पर्सनल ब्रँड म्हणजे आपल्या माघारी सांगितलं जाणारं एक वाक्य

मार्च-एप्रिल जवळ आला की अनेक खासगी कंपन्यांमध्ये एक बैठक होते. कर्मचाऱ्यांना तिच्याबद्दल फारसं सांगितलं जात नाही. वेगवेगळ्या विभागांचे मॅनेजर एकत्र बसतात, समोर नावांची यादी असते आणि कुणाला बढती, कुणाला किती पगारवाढ हे तिथं ठरतं. यादी लांब, वेळ थोडा. एकेका नावाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. एखादं नाव निघालं की कुणीतरी म्हणतं, "ती अडकलेले परतावे सोडवणारी ना? तिला सोडू नका." दुसरं नाव निघतं आणि त्याचा मॅनेजर म्हणतो, "चांगला आहे. मेहनती आहे." मग क्षणभर शांतता आणि पुढचं नाव.

दुसऱ्याचं काम कमी होतं असं नाही. कदाचित जास्तच असेल. पण त्याच्याबद्दल सांगायला खोलीतल्या कुणाकडे धड एक वाक्य नव्हतं. 'पर्सनल ब्रँड' या शब्दाभोवती सध्या फोटोशूट, रील आणि रोज सकाळी टाकायच्या प्रेरणादायी पोस्टचा बराच पसारा जमला आहे. तो बाजूला केला तर उरतं ते हेच: आपण हजर नसताना दुसऱ्याला आपल्याबद्दल सांगता येईल असं एक वाक्य.

हा शब्द आला कुठून?

कल्पना लोकप्रिय झाली ती अमेरिकेत, 1997 मध्ये. व्यवस्थापनावर लिहिणारे टॉम पीटर्स यांनी 'फास्ट कंपनी' या मासिकात 'द ब्रँड कॉल्ड यू' हा लेख लिहिला. साबण किंवा बूट विकणारी कंपनी आपल्या नावाचा जसा विचार करते, तसा नोकरदारानं स्वतःच्या नावाचा करावा, असं त्याचं सूत्र होतं.

काळ लक्षात घेतला तर हे का पटलं ते कळतं. एकदा चिकटलं की निवृत्तीपर्यंत, ही नोकरीची कल्पना तिथं मोडत होती. नोकरकपात न करण्याची परंपरा मिरवणाऱ्या आयबीएमनंही 1993 मध्ये हजारो लोकांना घरी पाठवलं होतं. कंपनीचं नाव पाठीशी राहीलच याची खात्री नसेल, तर स्वतःचं नाव तरी हवं, असा हा विचार. 2003 मध्ये लिंक्डइन सुरू झालं आणि या विचाराला राहायला जागा मिळाली.

संधी आणतात ते दूरचे लोक

ब्रँड वगैरे शब्दांच्या बऱ्याच आधी, 1973 मध्ये, मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बॉस्टनजवळच्या न्यूटन इथल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं होतं की नोकरी कुणाच्या ओळखीतून मिळाली आणि त्या माणसाशी तुमची गाठ किती वेळा पडायची. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी 16.7 टक्के लोकांची त्या व्यक्तीशी वारंवार भेट व्हायची. 55.6 टक्के लोकांची अधूनमधून, तर 27.8 टक्के लोकांची क्वचितच. नमुना लहान होता, हे त्यानं स्वतःच नोंदवलं आहे. पण निष्कर्ष गाजला: नोकरीची खबर जवळचे मित्र नव्हे, तोंडओळखीचे लोक जास्त आणतात.

कारण साधं आहे. रोज एकत्र डबा खाणाऱ्या चौघांना साधारण सारख्याच गोष्टी ठाऊक असतात. जुन्या कंपनीतला सहकारी, एखाद्या प्रशिक्षणात शेजारी बसलेली बाई, पूर्वीचा पुरवठादार हे दुसऱ्या वर्तुळात वावरतात, म्हणून तिथली बातमी त्यांच्याकडे असते.

2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवर पाच वर्षांत झालेल्या प्रयोगांची ती माहिती होती. नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मध्यम कमकुवत ओळखी. अगदी घट्ट नाहीत आणि अगदी परक्याही नाहीत अशा. डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत दूरच्या ओळखींचा फायदा अधिक दिसला, तर ज्या उद्योगांत संगणकाचा वापर कमी, तिथं जवळच्या ओळखींचा. म्हणजे सॉफ्टवेअरवाल्याला जे लागू पडतं ते फाउंड्रीतल्या सुपरवायझरला तसंच लागू पडेल असं नाही.

आता खरी अडचण. जवळच्या मित्राला आपली सगळी कहाणी माहीत असते. तोंडओळखीच्या माणसाच्या डोक्यात आपल्यासाठी जागा असते एका ओळीची. संधी त्याच्याकडून येणार आणि त्याला आठवणार ती एकच ओळ. ती ओळ धूसर असेल तर ऐन वेळी आपलं नाव त्याच्या तोंडी येतच नाही.

ती ओळ घडते कशी?

एक कल्पित उदाहरण घेऊ. चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एक तरुणी अकाउंट्स विभागात आहे. कंपनी माल निर्यात करते. निर्यातदारानं भरलेला आयजीएसटी परत मिळायचा तर सीमाशुल्क खात्याकडचं शिपिंग बिल आणि जीएसटीआर-1 विवरणपत्रातला इनव्हॉइसचा तपशील जुळावा लागतो. 2017 मध्ये जीएसटी लागू झाल्यावर सुरुवातीच्या काळात असे तपशील न जुळल्यानं अनेक निर्यातदारांचे परतावे अडकले होते. आपल्या उदाहरणातल्या कंपनीचेही अडकतात.

ही तरुणी एकेक शिपिंग बिल काढून बघते. कुठे इनव्हॉइस क्रमांकातली तिरकी रेघ गाळलेली, कुठे तारीख वेगळी, कुठे रक्कम. ती दुरुस्त्या करते, पैसे सुटतात. बहुतेक लोक इथं थांबतात. पुढच्या वर्षी 'अकाउंट्समधली ती मुलगी' एवढीच ओळख राहते.

ती आणखी दोन गोष्टी करते. नेहमी होणाऱ्या चुकांची एक पानाची यादी करून डिस्पॅचवाल्यांना देते, म्हणजे इनव्हॉइस बनतानाच चूक टळावी. आणि परतावा जमा झाल्यावर साहेबांना चार ओळींचा मेल पाठवते: किती बिलं अडकली होती, किती रक्कम सुटली, कारण काय होतं, पुढं काय बदललं. डिस्पॅचमधला एक जण नोकरी बदलतो आणि ती यादी घेऊन दुसऱ्या कंपनीत जातो. तिथं परतावा अडकला की त्याला कोण आठवेल, हे सांगायला नको.

तिनं स्वतःबद्दल एकही विशेषण वापरलेलं नाही. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'टीम प्लेयर' हे शब्द बायोडेटात सगळेच लिहितात, म्हणून त्यांनी कुणी लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो सुटलेला प्रश्न. आणि दुसऱ्याच्या हातात गेलेली, त्याच्या कामाला आलेली एखादी वस्तू: तक्ता, यादी, नमुना, छोटं प्रशिक्षण.

आपली ओळ सध्या काय आहे, हे तपासता येतं. पूर्वी सोबत काम केलेल्या तिघा-चौघांना वेगवेगळं विचारावं: "माझी आठवण तुला कुठल्या कामासाठी येईल?" उत्तरं एकमेकांशी जुळली तर ओळ तयार आहे. सगळ्यांनी 'स्वभाव फार चांगला' असं सांगितलं, तर ते कौतुक आहे, पण त्यावर कुणी काम देत नाही.

पण स्वतःची टिमकी कशी वाजवायची?

मराठी घरात वाढलेल्यांचा घोटाळा इथं होतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे लहानपणापासून कानावर असतं. भाषाही साथ देते. "साहेब, काम झालंय" असं आपण सहज म्हणतो. काम झालं, पण केलं कुणी? कर्ता वाक्यातून गायब. जिथं 'मी' म्हणायला हवं तिथं 'आम्ही' येतं. हे संस्कार वाईट नाहीत. पण साहेब दुसऱ्या शहरात बसलेला असेल आणि वर्षातून दोनदा भेटत असेल, तर त्याला कर्ता शोधत बसायला वेळ नसतो.

बढाई आणि माहिती यांत फरक आहे. 'मी फार कुशल आहे' ही बढाई. 'मी अमुक तपासलं, त्यातून तमुक सापडलं, त्याचा एवढा फायदा झाला' ही माहिती. ती पडताळता येते. मदत करणाऱ्याचं नाव त्यात आवर्जून घेतलं की ती जास्त विश्वासार्ह होते, आणि तो सहकारी आपल्याबद्दल चांगलं बोलायला मोकळा होतो तो वेगळाच.

स्त्रियांसाठी ही वाट अधिक अरुंद आहे, हे मान्य करायला हवं. लॉरी रडमन या मानसशास्त्रज्ञाच्या 1998 मधल्या प्रयोगांत, स्वतःचं कर्तृत्व ठासून सांगणाऱ्या स्त्रिया सक्षम वाटल्या, पण लोकांना कमी आवडल्या. अशा ठिकाणी आकडे आणि तिसऱ्या व्यक्तीचं मत जास्त उपयोगी पडतं: ग्राहकाचा आभाराचा मेल पुढं पाठवणं, किंवा सहकाऱ्यांनी एकमेकींचं काम बैठकीत नाव घेऊन सांगणं.

एक साधी सवय फार कामी येते. दर शुक्रवारी निघण्यापूर्वी दहा मिनिटं काढून त्या आठवड्यात काय केलं, ते नोंदवून ठेवणं. मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म भरताना गेल्या जूनमधलं काम कुणालाच आठवत नाही, करणाऱ्यालासुद्धा नाही.

नाव कुठलं लावायचं?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण महाराष्ट्रात तो नाही. अमोल पाटील किंवा स्नेहा कुलकर्णी हे नाव शोधलं तर शेकडो जण निघतात. त्यातच रोमन लिपीत आडनावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, पासपोर्टवर दुसरं. लग्नानंतर नाव-आडनाव बदललेल्या स्त्रीचं आधीच्या दहा वर्षांचं काम जुन्या नावाखाली राहतं आणि नव्या नावानं शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

उपाय फार अवघड नाही. एक रूप ठरवावं आणि मेल, प्रोफाइल, बायोडेटा सगळीकडे तेच वापरावं. मधलं नाव किंवा आद्याक्षरं घेतली की गर्दी कमी होते. पु. ल., व. पु., ग. दि. मा. यांच्या महाराष्ट्रात आद्याक्षरांची ताकद वेगळी सांगायची गरज नाही. माहेरचं आडनाव व्यावसायिक नाव म्हणून कायम ठेवता येतं, किंवा प्रोफाइलवर दोन्ही आडनावं देता येतात. संशोधकांसाठी 2012 पासून ऑर्किड नावाचा कायमस्वरूपी क्रमांक मिळतो. नाव बदललं तरी शोधनिबंध त्या क्रमांकाशी जोडलेले राहतात.

प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत नुसतं पद न लिहिता सोडवत असलेला प्रश्न लिहावा. बाकी रोज पोस्ट टाकणं बंधनकारक नाही. महिन्यातून एकदा, कामात नव्यानं कळलेली एखादी नेमकी गोष्ट लिहिली तरी भागतं. मात्र ग्राहकाचं नाव, दर, अंतर्गत आकडे त्यात येता कामा नयेत. नियुक्तिपत्रातलं गोपनीयतेचं कलम पोस्ट टाकण्याआधी एकदा वाचलेलं बरं. पदं आणि तारखा फुगवणाऱ्यांनीही सावध असावं. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतो हे दिसतं आणि पडताळणी करणारे ते मागतात.

सगळ्यांना मोकळीक नाही

काही पेशांत स्वतःची प्रसिद्धी करण्यावर थेट बंधन आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही; 2008 च्या दुरुस्तीनं वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पात्रता आणि कामाचं क्षेत्र अशी मोजकी माहिती देण्याची मुभा मिळाली. व्यवसाय करणारे डॉक्टर आणि चार्टर्ड अकाउंटंट यांच्यावरही त्यांच्या परिषदांचे निर्बंध आहेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू असतात. या मंडळींना विषयावर लेख लिहिणं, शिकवणं, व्याख्यान देणं हे मार्ग खुले असतात, पण तिथंही आधी आपले नियम पाहावे लागतात.

ओळ पक्की झाली की तीच अडकवते

'धुमधडाका', 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटांनी लक्ष्मीकांत बेर्डे यांची विनोदी नट ही ओळख घट्ट केली. 1992 मध्ये जब्बार पटेल यांच्या 'एक होता विदूषक'मध्ये त्यांनी गंभीर भूमिका केली. कथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. जाणकारांनी वाखाणलेला तो चित्रपट तिकीटबारीवर मात्र चालला नाही. प्रेक्षकांना हवा होता तो त्यांचा लक्ष्या.

नोकरीतही हेच होतं. दहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेल्याला डेटाच्या कामाकडे वळायचं असतं, पण त्याला फोन येतात ते टेस्टिंगच्याच नोकऱ्यांचे. जुनी ओळ एकदम पुसून नवी लिहिली तर लोक गोंधळतात आणि दोन्हींपैकी काहीच लक्षात ठेवत नाहीत. जुन्या ओळीला नवं टोक जोडणं सोपं पडतं: 'टेस्टिंगवाला' ऐवजी 'टेस्टिंगच्या नोंदींमधून बिघाडाचा अंदाज काढणारा'. त्यासाठी सध्याच्याच नोकरीत तसं एखादं छोटं काम मागून घ्यावं लागतं, ते पुरं करावं लागतं आणि ज्यांच्याकडून फोन येतात त्यांना ते कळेल असं बघावं लागतं. जुन्या कामाचे फोन त्यानंतरही बराच काळ येत राहतात.