मीठ, मोहऱ्या आणि बाळाच्या मेंदूचा लगाम

बाळ झोपेत दोनदा दचकलं की सोलापुरातली आजी उठते, मूठभर मीठ-मोहऱ्या घेते आणि दृष्ट काढते. मोहऱ्यांचं सोडून द्या, पण मिठाच्या बाबतीत आजीचा नेम फार चुकलेला नाही. बाळाच्या मेंदूतली मोठी उलथापालथ चालते ती मिठातल्याच एका घटकावर, म्हणजे क्लोराइडवर.

आपल्या मेंदूच्या बाह्यकात साधारण पाच पेशींतली एक पेशी शेजारणींना आवरण्याचं काम करते. तिचं हत्यार म्हणजे गाबा नावाचं रसायन. मोठ्या माणसात गाबा पोचला की समोरची पेशी गप्प बसते. कोवळ्या मेंदूत मात्र तोच गाबा पेशीला ढोसून उठवतो! पॅरिसमध्ये बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी 1989 साली उंदरांच्या पिल्लांत हे दाखवलं.

पंपाची करामत

गाबा फक्त पेशीतलं क्लोराइडचं दार उघडतो. क्लोराइड आत येणार की बाहेर पडणार, हे ठरतं पेशीत आधीच किती साठलंय त्यावर. कोवळ्या पेशीत 'एनकेसीसी१' हा पंप क्लोराइड ठासून भरतो. दार उघडलं की ते बाहेर धावतं आणि पेशी चेतते. पुढे 'केसीसी२' हा दुसरा पंप साठा उपसू लागतो. मग दार उघडल्यावर क्लोराइड आत येतं आणि पेशी शांत होते. उंदरांत ही अदलाबदल जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उरकते. माणसात केसीसी२ पहिल्या वर्षभर वाढत राहतो. तोवरची ही ढोसाढोशीही फुकट जात नाही. पेशींची आपसातली जोडणी व्हायला तिचा हातभार लागतो.

मात्र बाळाला झटके आले की डॉक्टरांची पंचाईत. नेहमीचं औषध फिनोबार्बिटाल गाबाचाच जोर वाढवतं, आणि इथे गाबाचीच खात्री नाही. 1999 च्या एका अमेरिकी अभ्यासात या औषधाने निम्म्याहून कमी नवजातांचे झटके थांबले. पहिला पंपच बंद करू, म्हणून युरोपात ब्युमेटानाइड देऊन पाहिलं. काही बाळांच्या ऐकण्यावर परिणाम झाला आणि चाचणी आवरती घ्यावी लागली.

आणखी एक गंमत, अर्थात उंदरांतली. प्रसूतीच्या वेळी आईचं ऑक्सिटोसिन पिल्लाच्या मेंदूत पोचतं आणि तेवढ्यापुरता गाबा मोठ्यांसारखा वागतो. जन्मताना प्राणवायू कमी पडला तरी मेंदू तग धरतो. 2006 चा शोध.

दुधातून हरवलेलं जीवनसत्त्व

गाबा बनतो ग्लुटामेटपासून, आणि त्यासाठी ब६ जीवनसत्त्व लागतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एका डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांना झटके येऊ लागले. दूध निर्जंतुक करताना उष्णतेने ब६ नष्ट होत होतं. ब६ दिल्यावर झटके थांबले. शेंगदाण्यातही ब६ असतं बरं का! पण म्हणून तान्ह्याला शेंगाचटणी चाटवायला जाऊ नका.

आवरणाऱ्या पेशींचा हा लगाम पुरता तुटला तर काय होतं, हे आपल्याकडच्या जुन्या सुइणींनी पाहिलेलं आहे. नाळ विळ्याने कापायची, वर शेण लावायचं, आणि आठवड्याभरात बाळाला धनुर्वात. जबडा आवळतो, अंगावर ओढता येत नाही, पाठीची कमान होते. धनुर्वाताचं विष गाबा आणि ग्लायसिन ही दोन्ही आवरणारी रसायनं बाहेरच पडू देत नाही. गरोदरपणातली लस आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांनी चित्र पालटलं. 2015 मध्ये भारतातून माता-नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. निकष होता प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.

हा लगाम झटक्यांपुरता नाही, शिकण्यातही येतो. आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातलं बाळ बघा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, अक्कलकोटकडचे पाहुणे आले की कन्नड, बाजारात दखनी. सहा-आठ महिन्यांचं बाळ जवळजवळ कुठल्याही भाषेतले ध्वनी वेगळे ओळखतं. कॅनडात जॅनेट वर्कर यांनी 1984 मध्ये हिंदीतले 'त' आणि 'ट' इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला, वर्षाच्या आसपासच्यांना कळेना.

अशी शिकण्याची खिडकी कधी उघडते, यातही आवरणाऱ्या पेशींचा हात दिसतो. संशोधक टाकाओ हेन्श यांनी 1998 मध्ये पाहिलं की गाबा कमी पडणाऱ्या उंदरांत दृष्टीची खिडकी उघडतच नाही. डायझेपाम दिलं की उघडते! पुढे या पेशींभोवती प्रथिनं आणि साखरेची जाळी विणली जाते आणि खिडकी मिटत जाते. 2002 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी प्रौढ उंदरांत ही जाळी विरघळवली, तर दृष्टीची खिडकी पुन्हा किलकिली झाली. चाळिशीनंतर तेलुगू शिकू पाहणाऱ्या जावयांसाठी मात्र अजून असलं काही बाजारात आलेलं नाही.