आयसीयूत आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले तर...

बायपास नीट पार पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण सलाईनची नळी ओढू लागतो, ‘मला इथे कोंडून ठेवलंय’ म्हणतो. घरच्यांचा धीर सुटतो. हा डिलिरियम, म्हणजे मेंदूच्या कामात अचानक आलेला विस्कळीतपणा. तो तासागणिक कमी-जास्त होतो, रात्री बळावतो.

पासष्टी ओलांडलेले, आधीच विसरभोळे झालेले, व्हेंटिलेटरवर असलेले रुग्ण यात जास्त सापडतात. कमकुवत हृदय, जंतुसंसर्ग, मोडलेली झोप, बेन्झोडायझेपिन गटातली गुंगीची औषधं आणि नेहमीची दारू एकदम बंद होणं यांनीही धोका वाढतो.

आरडाओरडा करणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. गप्प, सुस्त पडून राहणारा मात्र ‘शांत झोपलाय’ म्हणून सुटून जातो, आणि खरी काळजी त्याचीच वाटते. त्यासाठी २००१पासून एक सोपी चाचणी आहे, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातले डॉ. वेस्ली एली आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली. तिच्या एका भागात सिस्टर दहा इंग्रजी अक्षरं सावकाश म्हणते; ‘ए’ ऐकू आला की रुग्णाने तिचा हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या, तर लक्ष टिकत नाही असं समजतात आणि पुढची तपासणी होते.

रुग्णाला भानावर ठेवायला घरच्यांचीही मदत होते. त्याचा चष्मा आणि कानाचं यंत्र बहुधा नातेवाइकांच्या पिशवीतच राहतं. ते आत पोचवा. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे पुन्हा पुन्हा सांगा. आणि भेटीची वेळ वाढवून मागायला मुळीच संकोचू नका.