नऊ माळा झाल्यावर

घटस्थापना झाली की धाराशिव, सोलापूर, लातूरकडची कितीतरी माणसं पायातली चप्पल काढून ठेवतात. तुळजाभवानीचं नवरात्र धरलेला माणूस नऊ दिवस अनवाणी फिरतो. एरवी गुटख्याच्या पुडीवाचून ज्याचं पान हलत नाही, तोही पुडीला शिवत नाही. कुणी पुढं केलीच तर म्हणतो, ‘माझं नवरात्र आहे.’ समोरचा पुन्हा विचारत नाही.

याला आपण निग्रह म्हणतो, पण तेवढ्यानं उलगडा होत नाही. निग्रह त्याच्याकडे एरवीही असतोच की! फरक असा, की या दिवसांत तो दर वेळी मनाशी झगडत बसत नाही. आपण कोण, हे पहिल्या माळेलाच ठरलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की ‘मला हे जमेल’ ही खात्री माणसाला कामाला लावते आणि अडचणीत टिकवते. ती सर्वांत पक्की होते स्वतः करून पाहिल्यावर. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच कुणाला तरी करताना पाहून. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता पाहावा. पंचेचाळीसेक किलोमीटर, रात्रभर देवीला पायी निघालेल्या माणसांची रीघ. पहिल्यांदाच निघालेल्या सुनेला पुढं गल्लीतली साठीची मावशी चालताना दिसते. एवढ्यानं तिचा अर्धा रस्ता सरतो. धीराचे शब्दही कामी येतात. शरीराच्या खुणा आपण कशा वाचतो, हेही बांडुरांनी या खात्रीच्या स्रोतांत धरलं होतं: पायाला आलेला फोड कुणाला ‘आता बस’ सांगतो, तर कुणाला ‘निम्मं आलो’.

मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी उलटी वाट दाखवली. आपण काय करतो ते बघूनच आपण कसे आहोत, हे माणूस बऱ्याचदा ठरवतो.

मग दसऱ्यानंतर पुडी परत का येते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. नऊ दिवस कमीच. पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते हे, की ‘नवरात्र धरलेला मी’ या ओळखीला शेवटची तारीख असते. देवीची सेवा पत्करलेल्या आराध्याचं तसं नसतं. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. मंगळवारी, शुक्रवारी पाच घरी जोगवा. दर आठवड्याला तो स्वतःला आणि गावाला आपण कोण ते दाखवत राहतो. त्याची ओळख विझायला सवडच मिळत नाही.

म्हणून दसऱ्याला घरच्यांनी ‘आता सुटलास’ म्हणू नये. ‘नऊ दिवस तुला पुडी लागली नाही’ एवढं त्याच्या कानावर घालावं. पुढच्या मंगळवारी पुन्हा सांगावं. हा त्याच्याच करणीचा पुरावा आहे; तो त्याला खोडता येत नाही.