भाड्याच्या खोल्या आणि कर्जाची तरफ

लीळाचरित्राचे गाव म्हणून रिद्धपूर आपणा सर्वांना ठाऊक आहे. 2024 साली येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. तेव्हापासून आमच्या घरी एकच चर्चा असते : राहते घर गहाण ठेवून पडक्या भागात तीन खोल्या काढाव्यात काय? घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. म्हणून हिशेब माझ्याकडे आला.

सब्बलीखाली दगड टेकवला की एकटा माणूस मोठा धोंडा हलवतो, हीच तरफ. कर्जाचेही तसेच आहे. समजा, आपले एक लाख व बँकेचे चार लाख घालून काम केले. त्याची किंमत 10 टक्के वाढली तर 50 हजारांचा लाभ, म्हणजे आपल्या लाखावर 50 टक्के! मात्र तेवढीच घटली तर आपली अर्धी पुंजी बुडते आणि कर्ज तसेच राहते.

शिवाय हप्ता वाढलेल्या किमतीतून नव्हे, भाड्यातून फेडायचा असतो. चार लाखांना 15 वर्षे, 9 टक्के दराने महिना सुमारे 4,057 रुपये हप्ता पडतो. तीन खोल्यांचे भाडे 6,000 धरले तर सोपे वाटते. पण सुट्टीचे तीन महिने खोल्या रिकाम्या राहिल्या तर वर्षाला 54,000 येतात व हप्त्यांत 48,684 जातात. उरलेल्या पाच हजारांत घरपट्टी नि डागडुजी!

व्याजदरही स्थिर नसतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. आपला दर तितकाच वाढून 11.5 टक्के झाला, तर वर्षाचे हप्ते 56,076 होतात. भाडे अपुरे पडते. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली, तरी व्याज वाढतेच.

जुने कर्ज फेडून कमी व्याजाचे नवे घेणे शहाणपणाचे. खर्च मात्र आधी मोजावा. परंतु वाढलेल्या किमतीवर जास्त रक्कम उचलून दुसरे घर घेतले, तर एका घराच्या रिकाम्या खोल्या दोन्ही घरांना बुडवू शकतात. 2002 च्या सरफेसी कायद्यान्वये बँक थकीत कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस देऊन दिवाणी दाव्याविना तारण ताब्यात घेऊ शकते.

तेव्हा माझे मत असे : कर्ज भरल्या खोल्यांवर मोजू नये, रिकाम्या महिन्यांवर मोजावे. सहा हप्ते शिलकीत असल्याखेरीज सही करू नये. आधी एकच खोली काढावी. तिने स्वतःचा हप्ता फेडला, की मग दुसरीचा पाया खणावा.